काटेबाईचं कॅल्शियम

वजनकाट्याच्या केबिनला तीन लोखंडी पायऱ्या आहेत. त्या चढून वर आलेल्या ड्रायव्हरला काटेबाई आधी एकच प्रश्न विचारते, "सगळी चाकं पट्टीवर आहेत ना?" तो हो म्हणतो. सगळेच हो म्हणतात. तरी ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून स्वतः बघते, आणि मगच आकडा लिहून घेते.

काम तसं सरळ आहे. खडीची, भंगाराची, सिमेंटची गाडी भरून येते, पट्टीवर चढते, तिचं वजन होतं. माल उतरवून रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो निव्वळ माल. पावती फाडायची ती त्याचीच. सत्तावीस वर्षं बाई हेच करत आली आहे, आणि या सत्तावीस वर्षांत तिला फसवायला लोकांनी काय काय नाही केलं! कुणी मागचं चाक हळूच पट्टीबाहेर ठेवलं, कुणी रिकाम्या खेपेला दोन जादा स्टेपन्या उतरवून आला, एकाने तर क्लीनरला पोत्यांमागे झोपवून त्याचंही वजन मालात घातलं होतं. बाईने त्या क्लीनरला उठवून चहा पाजला आणि गाडी परत फिरवली. एकदा तिचा सख्खा दीर भंगाराची गाडी घेऊन आला आणि "वहिनी, शंभर किलो इकडचे तिकडे" म्हणाला. वहिनीने त्यालाही परत पाठवलं. वर्षभर तो घरी जेवायला आला नाही. न येवो. काट्यावर नातं चढत नाही, हा तिचा कायदा होता आणि तो तिने एकदाच मोडला. ही गोष्ट त्या एकदाची आहे.

बाई तेव्हा एकशे अठ्ठावीस किलोची होती. काट्यावर बसणारी बाई, आणि एवढी वजनदार, मग ड्रायव्हर लोक सोडतात काय! "बाई, तुम्ही जरा मागे सरका, आकडा हलतोय." बाईही कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. "आकडा हलतोय तो तुझ्या चोरीच्या मालाने, मी जागची हललेली नाही," असं नाकावर टिच्चून सांगायची. पण चेष्टेला उत्तर देता येतं, गुडघ्यांना देता येत नाही. त्या तीन पायऱ्या चढल्या की खुर्चीत बसून पाच मिनिटं तिला नुसता श्वास गोळा करावा लागे, आणि तोवर खाली गाड्यांचे भोंगे. साखर वाढली, रक्तदाब वाढला. शेवटी तिने वजन उतरवायला पोट लहान करायचं, बायपासचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं.

घरात एकदम सगळेच डॉक्टर झाले. नवरा शांत माणूस, त्याने दोन्ही बाजूंना मान डोलावली. सगळ्यात मोठा गहजब केला तो तिच्या धाकट्या भावाने. त्याचं औषधांचं दुकान आहे, तेव्हा घरादारातल्या प्रत्येक शिंकेवर बोलायचा त्याचा हक्क. हा लहानपणापासून काडीसारखा, म्हणून बारक्या. पन्नाशीला टेकला तरी बारक्याच.

"ताई, चांगलं धडधाकट पोट कापून घेणार तू? जेवण कमी कर की जरा."

"तीस वर्षं कमीच जेवतेय. तू कधी माझं ताट मोजलंस?"

"उद्या काही कमीजास्त झालं तर?"

"तर माझं होईल. पोट माझं, सही माझी."

आणि सही तिने स्वतः केली, लफ्फेदार. सव्वा वर्षात पन्नास किलो गेले. घरच्या काट्यावर अठ्ठ्याहत्तर भरले त्या दिवशी ती भरदुपारी केबिनमधून उतरली आणि मोकळ्या पट्टीवर मधोमध जाऊन उभी राहिली. गाड्यांचा काटा तो, दहादहा किलोंनीच सरकतो. त्याने ऐंशी दाखवले. रांगेतल्या ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले. "मोजा!" ती ओरडली. "आता करा चेष्टा!"

भावाचा विरोध ऑपरेशनच्या दिवशी संपला आणि माया सुरू झाली. मायेचं झालं असं, की बहिणीच्या औषधांचा ताबा त्याने स्वतःकडे घेतला. इस्पितळाच्या कागदावर कॅल्शियम सायट्रेट लिहिलं होतं. त्याने ती गोळी दाखवली. लांबलचक, जाडजूड, बघूनच घशाला कोरड पडावी अशी. त्या दिवसांत बाईला पाण्याचा घोटही सांभाळून घ्यावा लागत होता. "ही कशी गिळणार तू? त्यापेक्षा ही घे. चघळायची, संत्र्याची चव. कॅल्शियम ते कॅल्शियम. आणि हे बघ," त्याने डबीवरच्या ठळक आकड्यावर बोट ठेवलं, "बाराशे पन्नास मिलिग्रॅम. तुला सांगितलंय बाराशे. वर पन्नास माझ्याकडून!"

बाई हसली आणि डबी तिने पिशवीत टाकली. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी ती गोळी आणि सोबत लोहाची, एका दमात दोन्ही, म्हणजे दिवसभर कटकट नको. हेही बारक्यानेच सांगितलेलं. महिना संपत आला की नवी डबी त्याच्या स्कूटरवरून घरपोच यायची. दोन वर्षांत बाईने तिच्यावरची बारीक अक्षरं एकदाही वाचली नाहीत. भाऊ देतोय म्हटल्यावर वाचायचं काय?

दोन वर्षांनी तिचे पाय दुखायला लागले. स्नायू नव्हेत, आतलं हाडच ठणकल्यासारखं. तपासण्या झाल्या. रक्तातलं कॅल्शियम व्यवस्थित होतं, पण पॅराथायरॉइड नावाचा आकडा दुपटीवर गेला होता आणि हाडांच्या तपासणीत खुब्याचं हाड विरळ झालेलं निघालं.

खुबा हा शब्द ऐकला आणि बाईचं धाबं दणाणलं. तिच्या आईचं खुब्याचं हाड असंच गेलं होतं. पडली नाही, झडली नाही, अंथरुणात नुसती कूस बदलताना मोडलं. पुढची चार वर्षं ती लोखंडी खाटेवर होती, बारक्याच्या घरी. औषधपाणी, अंग पुसणं, रात्रंदिवस सगळं त्याने केलं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण आई दर भेटीत लेकीचा हात धरून एकच म्हणायची, "मला एकदा दारापर्यंत चालू दे गं." ती खाट अजून बारक्याच्या मागच्या खोलीत उभी करून ठेवलेली आहे. बाईला मरणाची भीती नव्हती. तिला त्या खाटेची भीती होती. केबिनच्या तीन पायऱ्या तिने पोट कापून परत मिळवल्या होत्या, त्या आता हाडापायी जाणार की काय, याने तिची झोप उडाली.

"तरी सांगत होतो," बारक्या म्हणाला. सगळ्यांनीच ते म्हणून घेतलं. नवऱ्यानेही मान डोलावली, या वेळी एकाच बाजूला.

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मुलीने मात्र तसं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "काकू, घरात आहेत त्या सगळ्या डब्या घेऊन या." काकूंनी टेबलावर डब्या मांडल्या. मुलीने संत्र्याची डबी उचलली, फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"ही कधी घेता?"

"सकाळी. रिकाम्या पोटी. लोहाच्या गोळीबरोबर."

"काकू, ही कार्बोनेटची आहे, म्हणजे सोप्या भाषेत खडूच. ती विरघळायला जेवणाबरोबर पोटातलं आम्ल लागतं. बायपासनंतर तुमच्या एवढ्याशा पोटात आम्ल नावालाच उरलंय. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांनाही ही नीट लागू पडत नाही, तुमचं तर विचारूच नका. त्यात लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की दोघं एकमेकांना अडवतात."

"पण रक्तात तर बरोबर आलंय."

"तो पॅराथायरॉइडचा आकडा वाढलाय ना, ती त्याचीच खूण. बाहेरून मिळालं नाही की शरीर हाडांतून उचलतं आणि रक्तात बरोबर ठेवतं."

"म्हणजे गोदामातून चोरून काट्यावर पुरा दाखवायचा," बाई म्हणाली. हा धंदा तिच्या ओळखीचा होता.

"अगदी तसंच. आणि हे बाराशे पन्नास बघून गप्प बसलात ना? ते सगळं कॅल्शियम नाही. त्या क्षाराचं वजन आहे. आतलं खरं कॅल्शियम पाचशेच. इथे बघा, बारीक अक्षरात."

बाईने चष्मा लावला आणि बघितलं. खरंच लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. बाराशे पन्नास म्हणजे भरलेली गाडी होती. आतला माल पाचशे. आणि त्या पाचशेतलाही किती पोटात उतरला देव जाणे. लाखभर गाड्यांचं रिकामं वजन वजा केलेली बाई दोन वर्षं स्वतःच्या गोळीचं करायला विसरली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की खुर्चीतून उठताना डब्या धडाधड खाली पडल्या. त्या तिने स्वतःच वेचल्या, मुलीला वाकू दिलं नाही.

संध्याकाळी बारक्याच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. बाईने संत्र्याची डबी काउंटरवर आपटली.

"ही बंद. मला सायट्रेट दे, त्याला आम्ल लागत नाही. आम्ल नसलं की ही नुसता खडू आहे. ॲसिडिटीची गोळी खाणाऱ्यांनाही लागत नाही म्हणे. ठाऊक होतं तुला?"

बारक्याचा चेहरा पांढरा पडला आणि लगेच लाल झाला. त्याने ड्रॉवर खाडकन बंद केला. "कुणी सांगितलं? त्या इस्पितळातल्या कालच्या पोरीने? पंचवीस वर्षं दुकान चालवतोय मी!"

"मीही सत्तावीस वर्षं काटा चालवतेय. दे."

त्याने फळीवरून एक डबी काढून पुढे सरकवली. "घे. सायट्रेट, हजार मिलिग्रॅम. रोज एक. झालं समाधान?"

बाईने डबी उचलली, पण पिशवीत टाकली नाही. चष्मा लावून सावकाश फिरवली. मागची गिऱ्हाईकं चुळबुळली. चुळबुळू देत.

"हजार ही गाडी झाली. माल दोनशे दहा."

"काय?"

"इथे लिहिलंय. एका गोळीत शुद्ध कॅल्शियम दोनशे दहा. मला दिवसाला बाराशे ते पंधराशे लागतं. एक गोळी घेऊन काय होणार? सहा लागतील. तीही एकदम नाही, शरीर एका वेळी पाचशेच्या वर घेत नाही. दोन-दोन, तीनदा. सोबत ड जीवनसत्त्व. आणि लोह दोन तास लांब."

"सगळं जग एक घेतं!"

"सगळ्या जगाचं पोट कापलेलं नाही."

"म्हणूनच नको म्हणत होतो ना मी!" बारक्या ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "आता जन्मभर मूठमूठ गोळ्या खा. स्वतःच्या हाताने करून घेतलंस. वर माझ्याच दुकानात येऊन मला चोर ठरवतेस?"

"चोर नाही म्हटलं. न वाचता देतोस, एवढंच म्हटलं."

"मग जिथे वाचून देतात तिथे जा!"

बाई वळली. रस्ता ओलांडला आणि समोरच्या औषधांच्या दुकानात गेली. बारक्याच्या डोळ्यांदेखत तिने तिथे पाच डब्या फिरवून वाचल्या आणि सहावी घेतली. सख्ख्या भावाचं दुकान सोडून बहीण समोर जाते, ही बातमी ती घरी पोहोचायच्या आधी घरी पोहोचली. नणंदेचा फोन, जावेचा फोन. "गोळीसाठी कुणी भाऊ तोडतं का गं?" बाईने प्रत्येकीला तेच सांगितलं, "भाऊ तोडला नाही. गोळी बदलली. तुमच्या घरात कुणाचं पोट कापलं असेल तर बोला, नाहीतर फोन ठेवा." नवऱ्याने मान डोलवायला घेतली, तेव्हा तिने त्याच्या हातात डबी दिली आणि म्हणाली, "आधी वाचा, मग डोलवा." त्याने वाचली, मग गुपचूप बाजारात जाऊन तिच्यासाठी तीन कप्प्यांची पत्र्याची डबी घेऊन आला.

केबिनमध्ये गजर लागला. नऊ वाजता दोन, एक वाजता दोन, साडेपाचला दोन. लोह घरी, झोपण्याआधी. गजर वाजला की पट्टीवर कुणाचीही गाडी असो, बाई आधी गोळ्या घेणार. गोळी मोठीच होती. ती अर्धी करून, घोटाघोटाने, डोळे मिटून गिळावी लागे. एकदा खडीच्या मालकाने भोंगा दाबून धरला. बाईने खिडकीतून त्याच्याकडे बघत बघत दुसरी गोळी मुद्दाम सावकाश गिळली, तोंड पुसलं आणि मग म्हणाली, "हं. आता चाकं." पुढे पुढे ड्रायव्हरच खालून विचारायला लागले, "बाई, कॅल्शियम झालं का? मग घेऊ गाडी?"

सहा महिने भाऊ-बहीण बोलले नाहीत. बाईला याचं वाईट वाटलं नाही असं नाही. महिना संपत आला की स्कूटरचा आवाज ऐकायची सवय कानाला होती, ती सुटेना. संत्र्याच्या चवीची तर तिला चक्क आठवण यायची. पण माघार? छे.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. वाढलेला आकडा उतरून रेषेच्या आत आला होता. आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली, हाड भरायला वेळ लागेल, पण गळती थांबली. पायांचा ठणका तर आधीच गेला होता. बाईने तो कागद केबिनच्या भिंतीवर, काट्याच्या प्रमाणपत्राशेजारी चिकटवला.

चौथ्या दिवशी दुपारी बारक्याची स्कूटर आली. ती त्याने पट्टीवरच थांबवली, पायऱ्या चढला आणि दारात उभा राहिला. खूप वाळला होता. मुळात वाळायला जागा नसताना. हातात सायट्रेटची डबी होती.

"भाऊजींनी सांगितलं, आकडा उतरला म्हणून."

"भिंतीवर आहे. वाच."

त्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "ताई, आईला मी हीच देत होतो. संत्र्याचीच. रोज सकाळी, ॲसिडिटीच्या गोळीबरोबर. सात वर्षं. त्या दिवशी दुकानात तू ते म्हणालीस आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणून ओरडलो. सहा महिने झाले, मागच्या खोलीत जाववत नाही मला. तू सांग. आईचं हाड मी मोडलं का?"

खाली एक गाडी येऊन स्कूटरमागे थांबली आणि भोंगा वाजला. बाईने तिकडे बघितलं नाही.

'नाही रे, असं काही नसतं,' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर भाऊ हलका होऊन गेला असता. पण ते खरं की खोटं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेला आकडा तिने आयुष्यात कधी लिहिला नव्हता. हो म्हणायचं, तर तेही ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला.

"इकडे बघ," ती म्हणाली. "आई ऐंशीला आली होती. चार बाळंतपणं, अर्धपोटी आयुष्य. तिचं हाड कशाने गेलं ते कुणी मोजलेलं नाही. तूही नाही, मीही नाही. जी गाडी पट्टीवर आलीच नाही, तिची पावती मी फाडत नाही. तुझ्या नावाने तर मुळीच नाही. आणि तूही फाडायची नाहीस. कळलं?"

बारक्या खुर्चीत बसला आणि तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखा रडला. बाईने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "माझी गाडी मात्र पट्टीवर आली होती. दिलीस ती चूक तुझी. न वाचता घेतली ती माझी. तिथे मी एक किलो कमी करणार नाही."

"नको करू," तो म्हणाला.

"आता हातातली डबी वाच. मोठ्याने."

त्याने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि डबी उजेडाकडे धरली. "एका गोळीत दोनशे दहा."

"मग दिवसाला?"

"सहा. दोन-दोन, तीनदा. लोह दोन तास लांब."

"दुकानात येईल त्या प्रत्येकाला हे असंच सांगायचं. रांग लागली तर लागू दे." तिने त्याच्या हातातून डबी घेतली आणि स्वतः पुन्हा एकदा फिरवून वाचली. "पुढच्या महिन्यापासून तुझ्याकडूनच घेईन. पण दरवेळी वाचून."

खालून भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. काटेबाई उठली आणि भावाची स्कूटर हलवायला त्या तीन पायऱ्या कठडा न धरता उतरली.